बॉक्सिंगचे गुण, डोक्याचा मार आणि एक फिटनेस सर्टिफिकेट

मागच्या पावसाळ्यातली गोष्ट. संध्याकाळच्या ओपीडीत बापलेक दोघं आले. वडील माझे जुने पेशंट, वय त्रेचाळीस, सहा वर्षांपासून मधुमेहाच्या गोळ्या चालू. मुलगा सतरा वर्षांचा, बारावीत. दोघांचीही नाकं थोडी चपटी, दोघंही बसताना खांदे पुढे काढून बसतात. वडील तरुणपणी बॉक्सिंग करायचे, राज्य पातळीपर्यंत खेळले. मुलगा तीन वर्षांपासून खेळतोय.

"डॉक्टर, ह्याला फक्त एक फिटनेस सर्टिफिकेट पाहिजे. आठ दिवसांवर निवड चाचणी आहे."

मी नेहमीप्रमाणे बीपी बघितलं, छाती तपासली. मग विचारलं, "डोकं वगैरे दुखतं का?" मुलाने वडिलांकडे बघितलं. वडीलच बोलले, "थोडं दुखतं. दहा दिवसांपूर्वी सरावात एक ठोसा लागला होता. पण हेडगार्ड घातलेलं होतं ना."

आणि मग, मी न विचारता, त्यांनी मनातली खरी तक्रार सांगितली. "डॉक्टर, हा नुसता अंगावर जातो. मार खात खात मारतो. आम्ही असं नाही खेळलो कधी. एक ठोसा मारायचा आणि मागे सरायचं. समोरच्याला हातच लावू द्यायचा नाही. मी शिकवतो, पण ऐकत नाही."

मुलगा शांतपणे म्हणाला, "बाबा, आता तसे गुण नाही मिळत."

त्या एका वाक्यावर आज लिहायचं आहे. बाप आणि मुलगा दोघंही बरोबर होते. दोघंही आपापल्या काळातले गुण मिळवण्यासाठी जे करायला हवं, तेच शिकले होते. मधल्या काळात गुण द्यायची पद्धत बदलली होती, आणि तिच्याबरोबर ठोसा कुठून येतो, किती येतात, कोण पुढे सरकतो आणि कोण मागे, हे सगळंच बदललं होतं. एमडी झाल्यापासून मी हौशी बॉक्सिंगच्या स्पर्धांना रिंगजवळचा डॉक्टर म्हणून बसत आलो आहे. त्यामुळे हा बदल मी टीव्हीवर तर बघितलाच, पण नाकाच्या रक्ताचा बोळा हातात धरूनही बघितला.

बटणं का आली?

सुरुवात 1988 च्या सोल ऑलिम्पिकपासून करावी लागेल. अमेरिकेचा रॉय जोन्स ज्युनियर आणि यजमान दक्षिण कोरियाचा पार्क सी-हुन यांच्यात अंतिम लढत झाली. ठोशांच्या मोजणीत जोन्सचे 86 आणि पार्कचे 32. निकाल? पार्क विजयी, 3 विरुद्ध 2. गंमत म्हणजे त्याच स्पर्धेतला सर्वोत्तम शैलीचा बॉक्सर म्हणून दिला जाणारा वॅल बार्कर चषक मिळाला जोन्सला, म्हणजे अंतिम फेरीत हरलेल्याला.

तोपर्यंत पंच एकूण खेळ बघून आपलं मत द्यायचे. (मराठीत हा एक घोळच आहे. ठोशालाही आपण पंच म्हणतो, गुण देणाऱ्यालाही पंच, आणि पंच म्हणजे पाच. रिंगभोवती पंचही पाचच असतात. म्हणून या लेखात मारणाऱ्याचा तो ठोसा आणि गुण देणारा तो पंच असं ठेवू.) सोलच्या निकालाने इतका गदारोळ झाला की मत नको, मोजणी हवी, असं ठरलं. 1989 च्या जागतिक स्पर्धेपासून आणि ऑलिम्पिकमध्ये 1992 च्या बार्सिलोनापासून संगणक आला.

पद्धत साधी होती. प्रत्येक पंचासमोर लाल आणि निळ्या बॉक्सरसाठी बटणं. ठोसा ग्लोव्हच्या बोटांच्या पेरांच्या भागाने, नीट जोर लावून, डोक्याच्या पुढच्या किंवा बाजूच्या भागावर किंवा पट्ट्याच्या वर अंगावर बसला, की बटण दाबायचं. पाचपैकी किमान तिघांनी एका सेकंदाच्या आत तेच बटण दाबलं, तर एक गुण. नाही दाबलं, तर तो ठोसा हवेत विरला. ठोशाने समोरचा खाली पडला तरी त्याचा वेगळा गुण नाही. तोही एकच.

कागदावर हे निर्दोष वाटतं. पण आता खेळाडूच्या जागी उभे राहून विचार करा.

रिंगच्या वेगवेगळ्या बाजूंना बसलेल्या पाच माणसांपैकी तिघांना, एकाच सेकंदात, निर्विवादपणे दिसणारा ठोसा कोणता? लांबून आलेला, सरळ, चेहऱ्यावर बसणारा. डोकं मागे झटकलं की सगळ्यांना कळतं. याउलट दोघं एकमेकांना चिकटलेले असताना बरगडीखाली बसलेला ठोसा एकाला दिसतो, दुसऱ्याच्या समोर पाठ येते, तिसऱ्याला खांदा आडवा येतो. बटणं जुळत नाहीत. एका दमात तीन-चार ठोशांची सरबत्ती केली तरी तेच. बोट एकदा दाबून उठेपर्यंत बाकीचे ठोसे होऊन गेलेले असतात. चार ठोशांची मेहनत, गुण एक.

मग शहाण्या प्रशिक्षकाने काय शिकवावं? पोटावर मारण्यात दम घालवू नकोस. लांब उभा राहा. समोरच्याला येऊ दे, तो आला की एक सरळ ठोसा चेहऱ्यावर दे आणि निघून जा. दोन-तीन गुणांची आघाडी मिळाली की पाय चालव, वेळ काढ. फेऱ्यांच्या मधल्या वेळात गुण कळत असल्यामुळे पुढे असलेला पळायचा आणि मागे असलेला धावायचा.

तेव्हाचे आकडे बघा. 2008 च्या बीजिंग ऑलिम्पिकमध्ये दोन-दोन मिनिटांच्या चार फेऱ्या असायच्या. विजेंदर सिंग उपांत्य लढत हरला ती 5 विरुद्ध 8 अशी. आठ मिनिटांची लढत, आणि दोघांचे मिळून नोंदवलेले ठोसे तेरा! त्याच स्पर्धेत अखिल कुमारने रशियाच्या विश्वविजेत्या सर्गेई वोदोप्यानोवला हरवलं तेव्हा गुण 9-9 असे बरोबरीत होते. निकाल लागला तो पाचही पंचांनी दाबलेल्या एकूण बटणांच्या फेरमोजणीवर. हात खाली सोडून समोरच्याला आमंत्रण द्यायची अखिलची सवय ज्यांनी बघितली, त्यांना ती बेफिकिरी वाटायची. मला ती त्या पद्धतीची उत्तम समज वाटते. समोरचा मारायला पुढे आला, की त्याचा तोल जातो, आणि तेव्हा बसलेला उलटा ठोसा तिघांनाही दिसतो.

माझ्या ओपीडीत बसलेले वडील याच काळाचं पीक होते. "हात लावू द्यायचा नाही" हा त्यांचा स्वभाव नव्हता. तो त्या बटणांचा स्वभाव होता.

मग बटणं का गेली?

कारण मोजणीही वाकडी होऊ शकते. 2012 च्या लंडन ऑलिम्पिकमध्ये जपानच्या सातोशी शिमिझूने अझरबैजानच्या प्रतिस्पर्ध्याला तिसऱ्या फेरीत सहा वेळा खाली पाडलं, तरी फलकावर अझरबैजानचा खेळाडू 22-17 ने विजयी दिसत होता. त्यात रेफ्रीचा दोष मोठा होता, दाद मागितल्यावर निकाल फिरवला गेला आणि रेफ्रीला घरी पाठवलं गेलं. पण सामान्य प्रेक्षकाला एक गोष्ट दिसली ती दिसलीच. डोळ्यांसमोर चाललेली लढत आणि फलकावरची लढत या दोन वेगळ्या असू शकतात.

2013 पासून व्यावसायिक बॉक्सिंगसारखी दहा गुणांची पद्धत आली. प्रत्येक फेरी स्वतंत्र. जो फेरी जिंकला त्याला 10, हरला त्याला बहुधा 9, फारच एकतर्फी असेल तर 8. पंच आता तीन गोष्टी बघतो. लक्ष्यावर बसलेले दर्जेदार ठोसे किती, तंत्राने आणि डावपेचांनी वर्चस्व कोणाचं, आणि लढण्याची जिद्द कोणाची. तीन-तीन मिनिटांच्या तीन फेऱ्या. म्हणजे निम्म्याहून अधिक लढत जिंकायची तर दोन फेऱ्या पुरतात.

आता पुन्हा खेळाडूच्या जागी उभे राहा. पळणाऱ्याला "वर्चस्व" कोण देणार? पुढे सरकणारा, सतत हात चालवणारा, दोरांपाशी कोंडणारा खेळाडू पंचाच्या नजरेत भरतो. पोटावरचे ठोसे आता वाया जात नाहीत, कारण पंच एकूण चित्र बघतो. फेरीच्या शेवटच्या वीस-तीस सेकंदांत केलेला हल्ला पंचाच्या मनात ताजा राहतो. आणि पहिली फेरी दमाने घेऊन नंतर भरून काढू, ही चैन फार महाग पडते.

टोकियोतली मेरी कोमची शेवटची ऑलिम्पिक लढत आठवा. कोलंबियाच्या इंग्रित वॅलेन्सियाविरुद्ध पहिली फेरी पाचपैकी चार पंचांनी वॅलेन्सियाला दिली. पुढच्या दोन्ही फेऱ्या तीन विरुद्ध दोन अशा मेरीच्या. तीनपैकी दोन फेऱ्या जिंकूनही मेरी 3-2 ने हरली, कारण प्रत्येक पंच आपापल्या कागदावर तिन्ही फेऱ्यांची बेरीज करतो. पहिल्या फेरीचं ओझं तीन पंचांच्या कागदावरून उतरलंच नाही. हरल्याचं मेरीलाही लगेच कळलं नव्हतं.

ही पद्धतही निर्मळ राहिली असं नाही. 2016 च्या रिओ ऑलिम्पिकमधल्या लढतींत पंच आणि अधिकाऱ्यांच्या संगनमताने निकाल फिरवण्याची यंत्रणा होती, असं 2021 च्या चौकशी अहवालाने सांगितलं. पण माझा मुद्दा प्रामाणिकपणाचा नाही. प्रामाणिक पंच असला तरी तो जे मोजतो, तेच खेळाडू करतो. आपल्याकडे कुस्तीत हे फार आधी दिसलं. लाल मातीत पाठ टेकली की निकाल, म्हणून तिथे डाव धरून ठेवायची ताकद मोठी. मॅटवर तीन-तीन मिनिटांच्या दोन फेऱ्या आणि गुण, म्हणून तिथे चपळाई मोठी. मातीतला चांगला मल्ल मॅटवर गेला की वर्षभर गोंधळतो. त्याची ताकद तेवढीच असते. बदललेलं असतं ते बक्षीस.

आता डोक्याकडे वळू

मी क्रीडा समीक्षक नाही, डॉक्टर आहे. मला यातला एक भाग झोप लागू देत नाही. बाकीच्या खेळांत गुण आणि इजा वेगवेगळ्या असतात. फुटबॉलमध्ये गोल झाल्याने कोणाला इजा होत नाही. बॉक्सिंगमध्ये जो ठोसा गुण देतो तोच इजा करतो. म्हणून गुणांचा नियम बदलणं म्हणजे इजेचा आराखडा बदलणं.

आपला मेंदू कवटीच्या आत पाण्यासारख्या द्रवात असतो. डब्यात थोडं पाणी घालून त्यात खरवसाची मोठी वडी ठेवली आहे, असं समजा. डबा पुढे-मागे हलवला तर वडी भिंतीवर आपटते. पण डबा झटकन गोल फिरवला तर काय होतं? डबा फिरतो, वडी मागे राहते, आणि आतल्या आत तिला पीळ पडतो. हनुवटीवर बाजूने बसलेला हुक डोकं असंच फिरवतो. त्या पिळाने मेंदूतले बारीक तंतू ताणले जातात. यालाच आम्ही कन्कशन म्हणतो. यात हाड मोडत नाही, रक्तस्राव असेलच असं नाही, आणि सीटी स्कॅन बहुतेक वेळा नॉर्मल येतो. बिघडलेलं असतं ते काम.

हे वाक्य पालकांनी दोनदा वाचावं. सीटी स्कॅन नॉर्मल आला म्हणजे कन्कशन नाही, असं होत नाही. स्कॅन रक्तस्राव आणि फ्रॅक्चर शोधतो. कन्कशन शोधायचं असतं ते बोलून, विचारून, चालवून.

दुसरा गैरसमज हेडगार्डचा. हेडगार्ड चामडी फाटण्यापासून, भुवईवरच्या जखमेपासून, कान सुजण्यापासून चांगलं वाचवतं. पण डोकं गरकन फिरण्याला ते फारसं अडवू शकत नाही. खरवसाच्या डब्याला बाहेरून टॉवेल गुंडाळला, तरी डबा फिरला की वडीला पीळ पडणारच. शिवाय हेडगार्डने बाजूचं थोडं दिसेनासं होतं आणि "मला काही होत नाही" असा धीर वाढतो. हीच कारणं देत 2013 पासून वरिष्ठ पुरुषांच्या आंतरराष्ट्रीय लढतींतून हेडगार्ड काढलं गेलं. 1984 पासून वापरात असलेलं हेडगार्ड रिओला पुरुषांच्या डोक्यावर नव्हतं. त्यामुळे जखमा वाढल्या यावर वाद नाही. मेंदूचा मार कमी झाला का, यावर तज्ज्ञांत अजून एकमत नाही. महिला आणि लहान वयाचे खेळाडू ते वापरतात, आणि सरावात सगळ्यांनीच वापरावं, असंच मी सांगेन. फक्त ते मेंदूचं चिलखत आहे असं समजू नये.

आणि तिसरी गोष्ट, साठत जाणारा मार. 1928 साली अमेरिकेतले एक पॅथॉलॉजिस्ट, हॅरिसन मार्टलंड, यांनी जुन्या बॉक्सरांमध्ये दिसणाऱ्या एका अवस्थेचं वर्णन केलं. अडखळती चाल, जड जीभ, थरथर, मंदावलेली बुद्धी. दारू न पिताही प्यायल्यासारखा दिसणारा माणूस. आज आपल्याला माहीत आहे की ही अवस्था एखाद्या मोठ्या नॉकआउटपेक्षा वर्षानुवर्षं खाल्लेल्या असंख्य ठोशांशी जास्त जोडलेली आहे. हौशी खेळाडूच्या लढती छोट्या आणि मोजक्या असतात, त्यामुळे जुन्या व्यावसायिकांइतका धोका त्याला नसतो. पण सरावातले ठोसे कुठल्याच फलकावर लागत नाहीत. मेंदू मात्र तेही मोजतो.

म्हणून "मार खात खात मारतो" हे वडिलांचं वाक्य मला खेळाच्या शैलीबद्दल वाटलं नाही. तो मला एक लक्षणाचा भाग वाटला.

माझी एक चूक

इथे एक कबुली द्यायला हवी. बटणांच्या काळातली गोष्ट. एका विभागीय स्पर्धेत मी रिंगजवळ होतो. एकोणीस-वीस वर्षांचा मुलगा सहा गुणांनी पुढे होता. शेवटून दुसऱ्या फेरीत त्याला कानशिलावर एक ठोसा बसला. गुडघे क्षणभर वाकले, मग सावरला. फेरी संपल्यावर रेफ्रीने मला बोलावलं. मी टॉर्चने डोळे बघितले. नाव विचारलं, त्याने सांगितलं. गाव विचारलं, तेही सांगितलं. प्रशिक्षक कानाशी म्हणाले, "सर, सहाने पुढे आहे. दोन मिनिटं नुसतं पळायचंय."

मी मान हलवली.

तो पळाला, जिंकला, हात वर केला. कपडे बदलायच्या खोलीत त्याला उलटी झाली. मग त्याने मला विचारलं, "सर, शेवटची फेरी कधी आहे?" ती संपून पंधरा मिनिटं झाली होती.

त्याचा स्कॅन नॉर्मल आला. डोकेदुखी आणि चिडचिड जायला तीन महिने लागले. कॉलेजचं ते वर्ष वाया गेलं. तो पुन्हा रिंगमध्ये उतरला नाही, आणि आज संसार करतोय, नोकरी करतोय, बरा आहे. पण ते माझं कौशल्य नव्हे, त्याचं नशीब. मी रात्रभर एकच विचार करत होतो. शून्य-शून्य अशी बरोबरी असती तर मी त्याला जाऊ दिलं असतं का? नसतं. म्हणजे फलक खेळाडू आणि प्रशिक्षक यांच्याप्रमाणे माझ्याही डोक्यात शिरला होता. गुण बघून मी मेंदू तपासला होता.

शिवाय मी प्रश्नही चुकीचे विचारले होते. स्वतःचं नाव माणूस मोठ्या मारानंतरही सहसा विसरत नाही. आता मी विचारतो: आपण कुठे आहोत? ही कितवी फेरी? समोर कोण आहे? मागची लढत कधी आणि कोणाशी झाली? ती जिंकलास का? एक उत्तर जरी चुकलं, उशिरा आलं किंवा त्याने प्रशिक्षकाकडे बघितलं, तरी लढत थांबते. गुण कितीही असोत. त्या दिवसापासून मी फलकाकडे पाठ करून बसतो. लोक हसतात. हसू देत.

पुन्हा ओपीडीत

मुलाला मी बाहेर बसलेल्या आजोबांकडे बोट दाखवून म्हटलं, "त्यांच्यापर्यंत सरळ रेषेत चालत जा, टाचेला अंगठा लावून." चौथ्या पावलाला तो डगमगला. वर्षाचे बारा महिने उलटे म्हणायला सांगितले. ऑगस्टच्या आधी जुलै येतो हे त्याला दोन वेळा विचार करून सांगावं लागलं. मग मी वडिलांना जरा बाहेर बसायला सांगितलं आणि दार लोटून घेतलं.

"आता खरं सांग."

"काका, वर्गात फळ्यावरचं वाचलं की डोकं भणभणतं. रात्री झोप नाही लागत. प्रशिक्षक पॅड धरतात ना, ते कधी कधी दोन दिसतात."

"बाबांना सांगितलंस?"

"नाही. सांगितलं तर निवड जाईल."

वडिलांना आत बोलावून मी सांगितलं की सर्टिफिकेट मिळणार नाही. ते चिडले. चिडणं स्वाभाविक होतं. पहाटे पाचला मुलाला मैदानावर सोडून कामावर जाणारा बाप आहे तो. म्हणाले, "डॉक्टर, दुसरा कोणीही सही देईल."

मी म्हटलं, "देईल. सही मिळणं अवघड नाही." मग त्यांचीच फाईल काढली. गेल्या वर्षी त्यांची उपाशीपोटीची साखर 108 आली होती आणि ते खूश होते. त्याच दिवशी तीन महिन्यांची सरासरी दाखवणारी एचबीएवनसी तपासणी 9.1 आली होती. तेव्हा त्यांनी हसत कबूल केलं होतं की रक्त द्यायच्या आधी दोन दिवस भात, गोड सगळं बंद ठेवतात.

"तुम्ही साखरेच्या तपासणीत बटणांचा खेळ खेळलात," मी म्हटलं. "एक ठोसा मारायचा आणि मागे सरायचं. रिपोर्टवर गुण मिळाले. पण डोळ्यांच्या पडद्याला आणि किडनीला रिपोर्ट दिसत नाही, त्यांना रोजची साखर दिसते. तसंच ह्याच्या मेंदूला माझी सही दिसणार नाही."

ते गप्प बसले. मग मुलगाच म्हणाला, "बाबा, मला पॅड दोन दिसतात."

तो बाप पाच वर्षं रिंगमध्ये उभा राहिलेला होता. दोन पॅड दिसण्याचा अर्थ त्यांना मी समजावून सांगायची गरज नव्हती. त्यांनी मुलाच्या मानेवर हात ठेवला आणि मला विचारलं, "किती दिवस?"

डोळ्यांच्या आणि मेंदूच्या डॉक्टरांकडून तपासणी करून घेतली. एमआरआय नॉर्मल आला. निवड चाचणी हुकली. मुलगा आठवडाभर माझ्याशी बोलला नाही असं वडिलांनीच फोनवर सांगितलं. लक्षणं पूर्ण जायला चार आठवडे लागले, त्यानंतर पायरी-पायरीने सराव. तो आता पुन्हा खेळतो. अजूनही पुढे सरकूनच खेळतो, कारण गुण तिथेच आहेत. पण त्याच्या वडिलांनी त्याला स्वतःच्या काळातली एक गोष्ट शिकवली आहे. मारून झाल्यावर डोकं तिथेच ठेवायचं नाही. आणि वडिलांची मागची एचबीएवनसी 7.4 आहे.

पालकांसाठी थोडक्यात

बॉक्सिंगच नव्हे, कबड्डी, कुस्ती, फुटबॉल, कराटे, दुचाकीवरून पडणं, सगळ्यांना हे लागू आहे.

- डोक्याला मार लागल्यावर गोंधळ, चक्कर, डोकेदुखी, मळमळ, दोन दिसणं, प्रकाश सहन न होणं, आठवण पुसली जाणं, यातलं एकही लक्षण असेल तर त्या दिवशी खेळ बंद. "बरं वाटतंय" म्हणाला तरी बंद. बेशुद्ध पडलाच पाहिजे असं नाही.

- वारंवार उलट्या, वाढत जाणारी डोकेदुखी, झोपेतून न उठणं, झटके, हातापायाची ताकद कमी होणं, एक बाहुली मोठी दिसणं, नाकातून किंवा कानातून पाण्यासारखा द्रव येणं, यातलं काहीही दिसलं तर थेट मोठ्या हॉस्पिटलमध्ये न्या. ओपीडीची वेळ बघू नका.

- पहिले एक-दोन दिवस विश्रांती, मोबाईल कमी. पण अंधाऱ्या खोलीत आठवडाभर झोपवून ठेवू नका. नंतर हळूहळू चालणं, मग अभ्यास आणि कॉलेज, मग हलका व्यायाम. प्रत्येक पायरीला किमान एक दिवस. लक्षणं वाढली तर एक पायरी मागे. ठोसे खाण्याचा सराव सगळ्यात शेवटी आणि डॉक्टरांनी तपासल्यावरच. अठरा वर्षांखालच्या मुलांना जास्त वेळ लागतो.

- हौशी बॉक्सिंगच्या वैद्यकीय नियमांनुसार डोक्याच्या मारामुळे लढत थांबली तर किमान 30 दिवस रिंग बंद. तीन महिन्यांत दुसऱ्यांदा तसं झालं तर 90 दिवस, वर्षात तिसऱ्यांदा झालं तर एक वर्ष. हे दिवस सरावातल्या लढतींनाही लागू आहेत. सरावात बसलेला ठोसा कोणी नोंदवत नाही, म्हणून तो तुम्ही नोंदवा. एक साधी वही पुरते.

- डोकेदुखीची गोळी देऊन मुलाला सरावाला पाठवू नका. गोळीने दुखणं झाकलं जातं, मेंदू बरा होत नाही.

- आणि मुलाला एकट्याने डॉक्टरांशी बोलू द्या. पाच मिनिटं बाहेर बसा. निवडीची भीती तुमच्यासमोर खरं बोलू देत नाही.

माझ्या टेबलावर आता फिटनेस सर्टिफिकेटचे कोरे कागद नसतात, ते मी आतल्या कपाटात ठेवतो. कागद आणायला उठावं लागतं, आणि उठून परत बसेपर्यंत मुलाला आणखी एक प्रश्न विचारायला वेळ मिळतो.